आत्या एकच चप्पल लपवायची

लहानपणी आमच्या घरात प्रवास या शब्दाला एकच अर्थ होता. येळवशीला शिरूर अनंतपाळला जायचं, आत्याकडे. आमचं गाव हिमायतनगर, नांदेड जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला. आत्याचं सासर लातूर जिल्ह्यात, पार खाली. मध्ये नांदेडला एसटी बदलायची, लातूरला पुन्हा बदलायची. वर्गातल्या मैत्रिणी सुट्टीत कुठे कुठे जाऊन आल्याचं सांगायच्या, तेव्हा मी ऐटीत सांगायचे की आम्ही तीन गाड्या बसून जातो. तीन गाड्या बसणारं माणूस वर्गात दुसरं नव्हतं.

येळवस म्हणजे थंडीतली वेळा अमावस्या. लातूरकडे त्या दिवशी गावात माणूस औषधालाही सापडत नाही, सगळे शेतात जेवायला. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, आणि दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती पळायचं. आमच्या हिमायतनगराकडे यातलं काही नव्हतं. म्हणून माझे वडील वर्षातून एकदा बहिणीच्या शेतात जेवायला सहकुटुंब निघायचे. सहकुटुंब म्हणजे बाबा, आई आणि मी.

बाबांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. दुकान बंद ठेवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. "बंद दार दिसलं की गिऱ्हाईक दुसऱ्याची पायरी चढतंय," हे त्यांचं वर्षानुवर्षांचं वाक्य. त्यामुळे बेत पक्का असायचा. आदल्या दिवशी जायचं, येळवस करायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत. हा बेत ते निघण्याआधी आईला सांगायचे, मला सांगायचे, शेजारच्या दुकानदाराला सांगायचे आणि देवळात जाऊन महादेवालाही सांगून यायचे. इतक्या जणांना सांगूनही तो एकदाही तडीस गेला नाही.

आई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधायची, आणि पिशवी बाबा भरायचे. दुकानातल्याच जाड खाकी कापडाची ती पिशवी होती. तिच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं एक पुडकं असायचं. जाताना तळाशी, येतानाही तळाशी. ते उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. आई दरवर्षी कुरकुरायची, "हे उगं ओझं कशाला? तेवढ्या जागेत येताना डाळ बसली असती." बाबा म्हणायचे, "असू दे. प्रवासात लागतंय." मला वाटायचं, कापडाचे नमुने असतील. कापडवाल्याच्या पिशवीत दुसरं काय असणार?

खरी कसोटी नांदेडच्या स्टँडवर लागायची. लातूरची गाडी फलाटाला लागण्याआधीच माणसं तिच्या बरोबरीनं धावायला लागायची. बाबा एरवी मोठे भारदस्त. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, आवाज कधी चढायचा नाही. पण लाल गाडी वळताना दिसली की ते पोरासारखे पळत सुटायचे आणि खिडकीतून दस्ती टाकायचे. दस्ती म्हणजे साधा हातरुमाल. पण स्टँडवर तिला सातबाऱ्याचा मान होता. ज्याची दस्ती त्याची सीट, यावर कोर्टसुद्धा काही बोललं नसतं. तरी भांडणं व्हायचीच.

"उठा भाऊ, ही दस्ती माझी हाय."

"तुमच्या दस्तीखाली माझी टोपी हाय, बघा की जरा."

मग टोपी आधी पडली की दस्ती, यावर अर्धी गाडी साक्ष द्यायची, आणि कंडक्टर निकाल देईपर्यंत तिसराच कुणी तिथे बसून शेंगा फोडत असायचा.

एका वर्षी बाबांनी अशी पळत पळत दस्ती टाकली, आणि गाडी फलाटाला न लागता तशीच स्टँडबाहेर पडली. ती देगलूरची होती. आम्ही तिघं तिच्या धुराकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "चला, दस्तीला तरी जागा मिळाली." त्या दिवशी लातूरपर्यंत आम्ही उभ्यानं गेलो.

त्या दिवसापासून बाबांचा दस्तीवरचा भरवसा उडाला. पुढच्या वर्षीपासून ते खिडकीतून मलाच आत टाकायला लागले. मी सीटवर आडवी पडायचे, हातपाय पसरायचे आणि कुणी जवळ आलं की ओरडायचे, "इथं माणसं हायत!" तेवढी जबाबदारी पुढे मला कुठल्याच नोकरीत मिळाली नाही.

गोदावरीचा पूल आला की आई माझ्या मुठीत नाणं ठेवायची. ते खिडकीतून नदीत टाकायचं आणि हात जोडायचे. अर्धी गाडी हात जोडायची. पूल संपला की धपाट्यांचा वास सुटायचा, आणि त्यानंतर थोड्याच वेळात माझा नंबर लागायचा. कारण मला गाडी लागायची. आई लिंबू हुंगायला द्यायची, बाबा बडीशेप द्यायचे, पुढच्या सीटवरची अनोळखी बाई डोक्यावर थापटायची, पण मी कुणाचं ऐकायचे नाही. एक खेप लोह्याच्या अलीकडे, दुसरी अहमदपूरच्या पलीकडे. मागच्या खिडकीतली माणसं माझ्या आईबापांचा उद्धार करायची. एक फायदा मात्र झाला. खिडकीबाहेर तोंड काढून काढून सगळा रस्ता मला नाकानं पाठ झाला. कुठे गुऱ्हाळ आहे, कुठे भजी तळतात, कुठे पेंडीचा ढीग आहे. आणि तेलाच्या घाण्यांचा, डाळीच्या भुशाचा वास नाकात शिरला की समजायचं, लातूर आलं, आता एकच गाडी राहिली.

आत्या बाबांची धाकटी बहीण. उंची बेताची, आवाज तालुक्याला पुरेल एवढा. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांचं किराणा दुकान होतं आणि गावाबाहेर थोडं शेत. घरातलं बोलणं सगळं आत्या बोलून टाकायची, त्यामुळे मामांच्या वाट्याला फारसं काही उरायचं नाही.

येळवस व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ, लिंगपूजा उरकून, पिशवी खांद्याला लावून उंबऱ्याबाहेर यायचे. आणि तिथे एकच चप्पल असायची.

पाहुण्याची चप्पल लपवणं हा आमच्याकडे मान आहे. ज्याची कुणी लपवत नाही, त्यानं समजून घ्यावं. पण त्याचे कायदे आहेत. लपवणाऱ्यानं कबूल करायचं नाही, पाहुण्यानं थेट आरोप करायचा नाही. दोघांनी मिळून मनापासून शोधायचं. गाडी जाईपर्यंत शोधायचं. गाडी गेली की चप्पल आपोआप सापडते. शिवाय आत्याचा स्वतःचा एक वेगळा कायदा होता, तो म्हणजे एकच लपवायची. दोन्ही गेल्या तर चोरी, एक गेली तर आत्या.

"कुत्र्यानं नेली आसंल, दादा," आत्या खाटेखाली वाकून म्हणायची.

"तुमच्या गावचं कुत्रं दर येळवशीला डाव्याच पायाची नेतंय," बाबा म्हणायचे.

"आता कुत्र्याला काय कळतंय डावं-उजवं!"

या कटात मी सामील असायचे. जागा सुचवायचं काम माझं. कडब्याच्या गंजीत, शेणी रचलेल्या कोपऱ्यात, एकदा मामांच्या दुकानात पेंडीच्या पोत्यामागे. बाबा एका पायात चप्पल घालून ओट्यावर येरझाऱ्या घालायचे. "दुकान बुडालं माझं. सांगून ठेवतो, पुढच्या साली मी येणार नाही." तेवढ्यात लांबून गाडीचा हॉर्न वाजायचा आणि गाडी निघून जायची. ती चुकली की पुढच्या दोन्ही गाड्या त्या दिवशी जुळायच्या नाहीत. एकदा मी फार शहाणपणानं म्हटलं, "बाबा, पलीकडंच चपलांचं दुकान हाय. नवीन घ्या की." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आईच्या मागे गेले. आत्या मात्र हसून हसून उंबऱ्यावरच बसली. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

थोड्या वेळानं तेच बाबा बनियनवर ओट्यावर बसलेले असायचे. पुढ्यात हरभऱ्याच्या ढाळ्यांचा ढीग, शेजारी बहीण. दोघं एकेक घाटा सोलत हिमायतनगरच्या जुन्या गोष्टी काढायचे, त्यांच्या आईच्या, विहिरीच्या, एका मारक्या म्हशीच्या. दुकानाचं नाव निघायचं नाही. घरी न हसणारा माझा बाप तिथे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. मला तो जादाचा दिवस येळवशीपेक्षा जास्त आवडायचा.

पुढे सगळ्यांचं होतं तेच झालं. मी शिकले, नांदेडला नोकरीला लागले, लग्न झालं. आई गेली, मग बाबा गेले. दुकान दुसऱ्यानं घेतलं. आत्याची मुलं पुण्याला स्थिरावली, शेत बटईनं दिलं, आणि त्या घरात आत्या आणि मामा दोघंच उरले. मी गाडी घेतली. येळवशीला जायचं मी सोडलं नाही, आणि याचा मला भारी अभिमान होता.

गाडी मीच चालवते. हे आत्याला पचायला वेळ लागला.

"तू चालवितीस? अन् जावई?"

"ते मॅप बघतात."

"बघाया काय हाय त्यात? रस्ता हाय तिथंच हाय की."

माझा नवरा हा फार सावध माणूस आहे. शेजारच्या गल्लीत जायचं असलं तरी त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये बॅटरी, गोळ्या, बँडेज, सुईदोरा असं सगळं असतं. त्याच्या शेजारी बसून जगबुडीतून पार जाता येईल. मागच्या सीटवर आमची लेक, कानात गाणी, पायांत मोजे. आता कुणाला गाडी लागत नाही. ज्या दिवशी स्टिअरिंग माझ्या हातात आलं त्याच दिवशी माझी मळमळ थांबली, त्यामुळे मला तरी वाटतं की तो आजार पोटाचा नव्हता, दुसऱ्याच्या हातात असण्याचा होता. काचा बंद, एसी चालू. लोहा कधी गेलं, अहमदपूर कधी गेलं, पत्ता लागत नाही. लातूर तर लागतच नाही, चाकूरवरून आत वळलं की नळेगावमार्गे थेट आत्याच्या दारात. नाकाला काही काम उरलेलं नाही. गोदावरीच्या पुलावर नवरा आठवणीनं काच खाली करून नाणं टाकतो. एकदा ते कठड्याला लागून परत आलं आणि आमच्याच बॉनेटवर पडलं. गोदामाईला आमची घाई बहुधा आवडली नसावी.

ज्या प्रवासाला बाबांना तीन गाड्या, एक दस्ती आणि अख्खा दिवस लागायचा, तो आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत असा करायला लागलो. आत्या फोनवर दरवर्षी विचारायची, "मुक्कामाला येऊन राहिलीस का तोंड दावायला?" मी म्हणायचे, "बघू." बघू म्हणजे नाही, हे तिला कळायचं.

गाडी घेतली त्या पहिल्या वर्षी तिनं नेमानं माझी सँडल लपवली. डावी. मी बाहेर आले, बघितलं, हसले आणि म्हटलं, "राहू दे आत्या, माझे बूट आहेत डिकीत." बूट घातले आणि निघाले. डावी सँडल वर्षभर शिरूरला राहिली, उजवी नांदेडला. ही गोष्ट मी ऑफिसात रंगवून रंगवून सांगितली. त्यानंतर आत्यानं लपवणं सोडलं. मला वाटलं, वय झालं आता तिचं.

आणि मग ही यंदाची येळवस.

निघतानाच मी बजावलं होतं की उजेडात परत फिरायचं. लेकीची दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासची परीक्षा होती. नांदेडमध्ये हल्ली मुलांना ताप आलेला चालतो, टेस्ट चुकलेली चालत नाही. पोचले, गाडी लॉक केली आणि चावी ओसरीतल्या खुंटीला अडकवली. बाबा तिथे टोपी अडकवायचे. शेतात गेलो, जेवलो, आंबिलीचे दोन तांबे जास्तच झाले. उन्हं कलली तशी मी उठले. घरी येऊन आत्यानं माझी ओटी भरली, लेकीच्या कपाळाला विभूती लावली. तूरडाळीचं गाठोडं तिनं स्वतः बांधून दारात ठेवलं होतं. मी खुंटीकडे हात नेला, तर खुंटी मोकळी.

मी वळून बघितलं. आत्या माझ्या आधीच खाटेखाली वाकून शोधत होती.

"आत्या, चावी दे."

"कशाची चावी?"

"गाडीची."

"मला काय ठाऊक माय? मला माझ्या पेटीची गावत न्हाई."

मागे लेक खुसखुसली. मी कायदा मोडला होता, सरळ आरोप केला होता. पण मला खरंच घाई होती आणि माझा पारा बाबांवर गेलेला आहे.

"आत्या, थट्टा पुरे. उद्या सकाळी हिची परीक्षा आहे."

"आई, छोटीशी टेस्ट आहे," लेक म्हणाली.

"तू गप्प बस."

आत्याचं हसू मावळलं. "परीक्षा हाय व्हय? मग आधी सांगू न्हाई का ग," असं म्हणत ती लगबगीनं आत गेली. डब्यांचे आवाज आले. झाकण उघडलं, झाकण लावलं, दुसरं उघडलं. मी बाहेर थांबून राहिले. आवाज थांबेनात तेव्हा आत गेले. आत्या फडताळासमोर उभी होती. हातात एक झाकण, आणि ते कुठल्या डब्याचं हे तिला कळत नव्हतं.

"हितंच ठिवली हुती ग," ती म्हणाली. "न्हाई. पोरगी पाणी प्याया आली म्हणून हितून काढली."

"मग कुठं ठेवलीस?"

"ध्यानात न्हाई येऊन राहिलं."

हा खेळ नव्हता. तिचा चेहराच सांगत होता. ज्या बाईनं जन्मभर चपला लपवल्या आणि बरोबर वेळेवर सापडू दिल्या, तिला स्वतःची जागा आठवत नव्हती. माझा राग जिथल्या तिथे विरला आणि मला भीती वाटली.

मग खरी शोधाशोध सुरू झाली. डबे रिकामे केले, गाद्या झटकल्या, कडब्यात हात घातले. नवऱ्यानं पाऊचमधली बॅटरी काढून माळा पाहिला. मामा ओट्यावरून म्हणाले, "चप्पल बरी हुती. मोठी असती." त्या दिवसभरातलं त्यांचं हे एवढंच बोलणं.

गारठा पडायला लागला होता. लेक बाहेर गेली आणि थोड्या वेळानं स्वेटर घालून आत आली. मी आणखी एक डबा उपडा केला आणि मग थांबले. तो स्वेटर सकाळपासून गाडीच्या मागच्या सीटवर होता. गाडी मी स्वतः लॉक केली होती. मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा दारातल्या कडुलिंबाकडे बघत होता, जणू ते झाड त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तो जवळ आला, हळूच म्हणाला, "दुसरी चावी आहे माझ्या पाऊचमध्ये. सांगू?"

मी आत्याकडे बघितलं. ती जमिनीवर बसली होती. भोवती उघडे डबे, परातीत ओतलेलं पीठ, मूग, मटकी. "माझ्या डोस्क्याला काय झालंय?" ती स्वतःशीच बोलत होती. "पोरीची परीक्षा बुडिवली मी." दुसरी चावी काढली असती तर आम्ही वेळेत नांदेडला पोचलो असतो. परीक्षा झाली असती. आणि ती त्या रिकाम्या घरात, त्या डब्यांमध्ये, आपण विसरायला लागलो याच्यासोबत बसून राहिली असती.

"नको," मी नवऱ्याला म्हटलं. आणि मग मोठ्यानं, "आत्या, ऊठ. सकाळी उजेडात शोधू. आज मुक्काम."

तिनं वर बघितलं. "खरं?"

"मग काय, चालत जाऊ नांदेडला?"

ती उठली ती थेट चुलीकडे गेली. लेकीनं टेस्टचा मेसेज क्लासला इतक्या आनंदानं पाठवला की मला संशय आला. दिवस मावळताना आम्ही पुन्हा शेतात गेलो. लेक पेटती पेंढी घेऊन बांधाबांधानं ओरडत पळाली. मी तिच्या मागे पळाले, आणि मी किती वर्षांनी पळत होते देव जाणे. घरी येऊन ढाळे सोलत बसलो तेव्हा आत्यानं त्या मारक्या म्हशीची गोष्ट काढली. ती गोष्ट तिला शब्दन् शब्द आठवत होती.

सकाळी निघायचं तर आता चावी सापडायला हवी होती. ते काम नवऱ्याकडे दिलं. तो अंगणात गेला, गाडीशी वाकला आणि मोठ्यानं ओरडला, "अरेच्चा! टायरपाशी पडली होती की!" इतकं वाईट नाटक मी शाळेच्या गॅदरिंगमध्येही पाहिलेलं नाही.

आत्या उंबऱ्यात उभी होती. "जावई, लई ग्वाड नाटक केलाव," ती म्हणाली. "टायरपाशी काल मीच दोन डाव बघितलं हुतं."

नवऱ्यानं चावी माझ्याकडे दिली.

"काल राती ढाळे सोलताना पोरीच्या अंगात स्वेटर बघितला तवाच कळलं मला," आत्या म्हणाली. "बंद गाडीतून स्वेटर काय उडत आला?"

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू बोलली न्हाईस. मी कशाला बोलू?"

ती माझ्याजवळ आली, डाळीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि आवाज खाली आणला. तिला आवाज खाली आणता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"दादाच्या खाकी पिशवीत तळाला एक पुडकं असायचं. आठवतंय?"

"कापडाचे नमुने."

"कशाचे नमुने! चपलांचा दुसरा जोड हुता त्यो. पहिल्याच साली डाळ भरताना माझ्या हाताला लागला. मी त्याला बोलले न्हाई, त्यो मला बोलला न्हाई. दर साली घेऊन यायचा, अन् मी चप्पल लपविली की गाडी जाईस्तोवर दुकानाच्या नावानं बोंबलायचा. पण पुडक्याची गाठ त्यानं एकदाबी सोडली न्हाई."

मी गाडीत बसले आणि रडले. सरळ, मोठ्यानं, हॉर्नवर कपाळ टेकलं गेलं तर तोही वाजला. ओट्यावर येरझाऱ्या घालणारा, एका पायात चप्पल असलेला माझा बाप मला दिसत होता, आणि डिकीतून बूट काढणारी मीही. आत्या खिडकीशी आली आणि पदरानं माझं तोंड पुसलं. "आता जा माय," ती म्हणाली, "ऊन व्हईल."

येताना मी काचा उघड्या ठेवल्या. लेकीनं तक्रार केली नाही. अहमदपूरच्या पलीकडे भज्यांचा वास आला तेव्हा थांबलो, भजी खाल्ली, उशीर केला. पुलावर लेकीनं नाणं टाकलं आणि ते नदीत पडलं.

टेस्ट चुकल्यानं आभाळ कोसळलं नाही. क्लासनं ती पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतली. मी मात्र घरी आल्यावर डाळ निवडायला घेतली, गाठोडं परातीत ओतलं आणि डाळीतून खळ्‌कन चावी पडली. पोरगी पाणी प्यायला आली तेव्हा आत्याच्या हाताशी तेच उघडं गाठोडं असणार.

मी लगेच फोन लावला.

"डाळीत?" आत्या ओरडली, मामांनाही कळेल अशी. मग हसत सुटली, पूर्वी उंबऱ्यावर बसून हसायची तशी. "व्हय की! आता आठवलं. म्हणलं, कुठंबी गेली तर तुझ्यासंगं जाईल. सांभाळून ठिव. पुढल्या येळवशीला आणाया लागंल."

"दोन्ही आणते," मी म्हटलं.

"आण की," आत्या म्हणाली. "मी एकच लपविते."